"सर, मागं घ्या की!" : नववीच्या भूगोलातल्या ४६ स्लाइडचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहराच्या नदीकडच्या अंगाला असलेली ही अनुदानित मराठी शाळा. निम्मी मुलं पेठांतली, निम्मी वडणगे, चिखली, आंबेवाडीकडून केएमटीच्या सिटी बसनं नाहीतर सायकलवर येणारी. मी इथं पर्यवेक्षिका आहे आणि या प्रकरणात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकते. भूगोलाच्या सरांचं नाव देत नाही. बदलून 'पाटील' लिहिलं असतं तरी चाललं असतं, कोल्हापुरात त्यावरून कुणाचा पत्ता लागत नाही. पण नुसतं 'सर' पुरे.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर आणि पडदा दिला. वरच्या मजल्यावरची चित्रकलेची खोली रिकामी करून तिथं 'डिजिटल रूम' झाली. पडदा थेट फळ्यावरच टांगला, कारण खिळे तिथंच होते. मुख्याध्यापकांनी एक रजिस्टर घातलं: प्रत्येक शिक्षकानं आठवड्याला दोन तास या खोलीत घ्यायचे, सही करायची आणि तासाचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा. देणगी देणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवं, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

बहुतेकांनी फोटोपुरते तास घेतले. भूगोलाच्या सरांनी मात्र मनापासून काम केलं. नववीच्या 'बाह्यप्रक्रिया भाग-२' या पाठासाठी रात्री जागून ४६ स्लाइड बनवल्या. नदी, हिमनदी, वारा, सागरी लाटा, भूजल, सगळं त्यात होतं. पाठ्यपुस्तकातला एकही मुद्दा सुटला नव्हता. मी त्या स्टाफरूममध्ये लॅपटॉपवर पाहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, असं काम पाहिजे." वर्गात बसून मात्र एकही तास पाहिला नव्हता.

अडचण कुठे आली

पहिल्या दिवशी जी अडचण आली ती सगळ्यांना दिसली, म्हणून लगेच सुटली. सरांनी मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला होता. डिजिटल रूमच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता. पडद्यावर 'नदीचे कार्य'ऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी उमटली. पोरं खो खो हसली. सरांनी चार दिवसांत सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, वर पीडीएफ प्रतही ठेवली. ज्यांच्याकडे जुन्या फाँटमधल्या फायली पडून आहेत त्यांनी वर्गात जायच्या आधी तेवढं तपासावं. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं नाही.

खरी अडचण दिसायला घटक चाचणी उजाडली. तोवर सगळं छान चाललं होतं. मुलं डिजिटल रूमकडे धावत जायची, तास शांततेत व्हायचा. उत्तरपत्रिका तपासताना सरांचा चेहरा उतरला. 'खनन, वहन, संचयन' (झिजवणं, वाहून नेणं, साचवणं) ही यादी जवळपास प्रत्येकाला येत होती. पण 'नागमोडी वळणाच्या बाहेरच्या काठाची झीज का होते?' या प्रश्नाखाली पुन्हा तीच यादी. नालाकृती सरोवराच्या, म्हणजे नदीचं वळण तुटून मागे राहिलेल्या घोड्याच्या नालासारख्या तळ्याच्या, आकृतीच्या जागी कुणी अंडं काढलेलं, कुणी जागा सोडून दिलेली. आणि 'घळई (नदीनं खोदलेली खोल, अरुंद दरी) कोठे आढळते?' याला अनेकांनी लिहिलं होतं, 'अमेरिकेत.'

यात मुलांची चूक नव्हती. स्लाइडवर कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनचा फोटो होता आणि खाली 'अमेरिका' असं लिहिलेलं होतं. धबधब्याचा फोटो परदेशी, पूरमैदानाचा परदेशी. इंटरनेटवर शोधलं की जे आधी येतं, ते उचललेलं.

त्याच आठवड्यात पालक सभा होती. एक वडील उभे राहिले. "मॅडम, पोरगं म्हणतंय भूगोलाला रोज पिच्चर दाखवत्यात. दाखवा की, आमचं काय न्हाई. पर वही बघा, कोरीच हाय."

वही खरंच कोरी होती. दुसऱ्या दिवशी मी जाऊन मागच्या बाकावर बसले. खोलीत पडदे ओढून काळोख केलेला. पस्तीस मिनिटांची तासिका आणि एकवीस स्लाइड. सर पडद्याकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून, स्लाइडवरचं वाक्य न् वाक्य मोठ्यानं वाचत होते. मागून मला खालच्या तीन ओळी दिसत नव्हत्या, आणि माझा चष्मा नवा होता. माझ्या शेजारची मुलगी उतरवून घ्यायचा प्रयत्न करत होती. ती तिसऱ्या ओळीवर यायची आणि स्लाइड पुढे जायची. "सर, मागं घ्या की!" ती दोनदा म्हणाली. पहिल्यांदा सरांनी मागं घेतलं. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि बघत बसली. सरांनी त्या तासाला तीन प्रश्न विचारले, त्यातले दोन 'समजलं का?' हे होते.

इथं थोडं विषयांतर. पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ साली आलं ते कार्यालयातल्या सादरीकरणांसाठी. नवीन स्लाइड उघडली की वर मथळा आणि खाली टिंबं-मुद्दे अशी चौकट ते आपणहून पुढे करतं, आणि आपण ती भरत सुटतो. मल्टिमीडियातून शिकण्यावर अमेरिकेतल्या रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञानं बरेच प्रयोग केले आहेत. त्यांचा एक निष्कर्ष आमच्या वर्गाला तंतोतंत लागू होता: चित्र दाखवून तोंडी समजावत असताना तोच मजकूर पडद्यावरही लिहिलेला असला, तर शिकणं बहुधा वाढत नाही, उलट घटतं. डोळे चित्र पाहणार की अक्षरं वाचणार? आणि वाचायचा वेग कानावर पडणाऱ्या आवाजाशी जुळतही नाही. आमच्या पोरांना तर त्यात लिहूनही घ्यायचं होतं.

समोरचे पर्याय

मी, सर आणि मुख्याध्यापक एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो. सुरुवात चांगली झाली नाही. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, असं काम पाहिजे म्हणून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

प्रोजेक्टर बंद करून खडू-फळ्याकडे परतावं, असं स्टाफमधल्या जुन्या मंडळींचं मत होतं. सरांनाही रागाच्या भरात ते पटलं होतं. मुख्याध्यापकांना ते शक्य नव्हतं, देणगीदार दिवाळीत शाळेला भेट देणार होते. शिवाय मलाही वाटत होतं की उकिरड्यावर काय टाकायचं ते आधी निवडून बघावं.

दुसरा पर्याय सोपा वाटत होता: सगळ्या स्लाइडची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची, म्हणजे उतरवून घ्यायची घाईच नको. त्यावर मी हट्टानं नाही म्हटलं. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर एमआयडीसीत किंवा शेतावर गेलेला असतो. आणि फाइल हातात आली की वहीत लिहायची गरजच संपते, वही आणखी कोरी राहते. आकृती बघून येत नाही, हात चालला तरच येते.

तयार डिजिटल अभ्यासक्रम विकणारा एक प्रतिनिधीही त्या काळात चकरा मारत होता. त्याचा डेमो झकास होता. नदी होती, पण कुठली ते सांगता येणार नाही अशी. मुख्याध्यापकांनी किंमत ऐकून विषय मिटवला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून सरकारच्या दीक्षा अॅपचे व्हिडिओ मिळतात, ते फुकट आहेत. पण त्या खोलीत नेट टिकत नव्हतं.

उरला शेवटचा: स्लाइड ठेवायच्या, पण छाटून, आणि शेजारी फळा उघडा ठेवायचा. यात सरांची मेहनत सर्वात जास्त वाया जाणार होती. म्हणून तो निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी दोन दिवस घेतले. मंगळवारी सगळ्या स्लाइडच्या छोट्या प्रिंट कापून, पत्त्यांच्या कॅटसारख्या हातात घेऊन आले. "बसा," म्हणाले, "पिसू या."

काय केलं

स्टाफरूमच्या टेबलावर ४६ चिठ्ठ्या पसरल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न: हे फळ्यावर जमत नाही का? व्याख्या फळ्यावर जमते. यादी जमते. व्ही आकाराच्या दरीची आकृतीही जमते, नव्हे, ती फळ्यावरच जमते, कारण सर एक-एक रेघ ओढतात तेव्हा पोरं त्याच वेगानं वहीत ओढतात. तासाभरात चिठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा बाजूला पडला. उरल्या नऊ, आणि त्यातल्याही निम्म्या बदलायच्या होत्या.

चित्रं आपल्या मुलखातली आणायची ठरली. धबधब्यासाठी राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा, रांजणखळग्यांसाठी, म्हणजे पात्रातल्या खडकात पाण्यानं कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांसाठी, कुकडी नदीतलं निघोज. पूरमैदानासाठी सर स्वतः मोटारसायकलवर जाऊन फोटो काढून आले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा उन्हाळ्यातला फोटो आणि त्याच जागेवरून पावसाळ्यातला, ज्यात बंधारा दिसतच नाही, असे दोन त्यांच्याकडे आधीपासून होते. बंधारा पाण्याखाली गेला ही आमच्याकडे दरवर्षीची बातमी, पण तो फोटो धड्यात घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. मुख्य स्लाइड होती गूगल अर्थवरची पंचगंगा, प्रयाग चिखलीच्या संगमापासून शहराच्या पुढेपर्यंत. नदीची एकूण लांबी सुमारे ८० किलोमीटर, नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते, आणि वाटेत वळसेच वळसे घेते.

परदेशी एकच स्लाइड ठेवली, आणि ती विचार करून. पेरू देशातली उकायाली नदी. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रह चित्रं एकापाठोपाठ एक दिसतात. त्यात ही नदी सापासारखी सरपटते, वळण आवळत जाते, वळणाच्या दोन टोकांमधली अरुंद मान तुटते आणि नालाकृती सरोवर मागे राहतं. हे आपल्या नदीत एका आयुष्यात बघायला मिळत नाही आणि फळ्यावर कुणाला काढता येत नाही. सरांनी ते घरून रेकॉर्ड करून आणलं, म्हणजे नेटचा प्रश्न नको.

पडदा फळ्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर, थोडा तिरका टांगला. खिळ्यांसाठी सुतार बोलवावा लागला. या सगळ्या प्रकरणात शाळेचा झालेला खर्च तेवढाच. मागच्या दोन खिडक्यांचे पडदे उघडे ठेवले. चित्र किंचित फिकं झालं, पण वही दिसू लागली. आणि सरांना मी एक बटण दाखवलं, जे मलाही आदल्याच आठवड्यात कळलं होतं: स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत. एवढ्याशा बटणानं तासाचा नूर बदलला. चित्र गेलं की पन्नास डोकी सरांकडे वळायची.

सप्टेंबरात नदीचा भाग पुन्हा घेतला. मी पुन्हा मागे बसले. पंचगंगेचं एक वळण पडद्यावर होतं, मजकूर काहीच नाही. "वहीत हे वळण काढा. पाणी काठ कुठं खातंय तिथं फुली, गाळ कुठं टाकतंय तिथं टिंबं. बोलायचं नाही, दोन मिनिटं." मग बी. मग शेजाऱ्याला वही दाखवायची. निम्म्या वर्गाच्या फुल्या आतल्या काठावर होत्या. आतला रस्ता जवळचा, म्हणून पाणी तिकडूनच घासत जाणार, असं त्यांचं म्हणणं. भांडण जुंपलं. सरांनी उत्तर दिलं नाही, बस वळणावर आली की उभे असणारे कुठं कलंडतात एवढंच विचारलं. त्यानंतर फळ्यावर बाण काढून, बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग जास्त म्हणून झीज, आतल्या बाजूला वेग कमी म्हणून संचयन, हे आलं. आणि त्याच्यानंतर उकायाली. वळणाची मान तुटली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आयला!" सरांनी ऐकलं नाही असं केलं.

पुराचा तास

एका तासाबद्दल वेगळं लिहायला हवं. पूरमैदानाच्या स्लाइडवर सरांनी एक रिकामा आलेख ठेवला होता. त्यात दोनच आडव्या रेषा: राजाराम बंधाऱ्याजवळची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तो बिंदू मुलांनी वहीत टाकायचा होता. त्याच्या पुढच्या स्लाइडवर २०२१ च्या पुराचा फोटो होता. पाण्यात बुडालेली घरं, वर नुसती कौलं.

फोटो आला आणि वर्ग एकदम गप्प झाला. चिखलीकडच्या एका मुलीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सरांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी बी दाबलं. पडदा काळा. कुणी काही बोलेना.

सुतारवाड्याकडचा एक मुलगा उठला. "सर, आमच्यात पाणी नदीकडनं न्हाई आलं. आधी गटारीतनं वर आलं. नदी लांबच हुती." सर थबकले. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. नदीची पातळी वाढली की शहरातून येऊन तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, त्याला फूग येते आणि ते उलटं मागे वस्तीत शिरतं, हे मग फळ्यावर काढलं गेलं, त्या मुलाला विचारत विचारत. दुसरा म्हणाला, "आमचं आजोबा म्हणत्यात, मच्छिंद्री झाली की सामान माळ्यावर." शिवाजी पुलाशी पाणी ठरावीक उंचीला टेकलं की जुनी माणसं वापरतात तो हा शब्द. सरांनी तो फळ्यावर लिहिला. उरलेली वीस मिनिटं पडदा काळाच राहिला, आणि माझ्या नोंदवहीत तो सरांचा वर्षातला सर्वांत चांगला तास आहे.

पण ती मुलगी तासभर काही बोलली नाही. संध्याकाळी वर्गशिक्षिकेला म्हणाली, तसला फोटो बघितला की पोटात कसंतरी होतं. त्यांचं घर दोन्ही पुरांत गेलं होतं.

परिणाम

सहामाही परीक्षेत आकृत्या सुधारल्या, ते उघड दिसलं. कारणे लिहा या प्रश्नात 'पाण्याचा वेग' हा शब्द येऊ लागला. घळई अमेरिकेतून घरी आली. वाचायलाच अडखळणारी जी सात-आठ मुलं आहेत त्यांच्या उत्तरांत फारसा फरक पडला नाही. त्यांची अडचण स्लाइडची नव्हतीच. आणि हा सगळा फायदा नव्या पद्धतीचा म्हणायचा की तोच भाग दुसऱ्यांदा शिकवल्याचा, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्ही असावं.

किंमतही मोजावी लागली. अभ्यासक्रम दोन आठवडे मागे पडला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेचा पाठ सरांनी दोन तासांत गुंडाळला. रजिस्टरमध्ये सह्या कमी झाल्या, कारण आता सर प्रोजेक्टर तासातली दहा मिनिटंच लावायचे आणि कधीकधी लावायचेच नाहीत. मुख्याध्यापकांनी बराच विचार करून रजिस्टरमधला 'तासांची संख्या' हा रकाना खोडून 'काय दाखवले' असा केला. देणगीदार आले तेव्हा त्यांना उकायालीच दाखवली. खूश झाले.

मुलांकडून स्लाइड करून घ्यायचा प्रयोगही केला होता. फसला. ज्या गटात कुणाचा तरी कॉलेजातला दादा होता त्यांच्या स्लाइड गरागरा फिरत आल्या आणि गटातल्या एकालाही त्यातलं वाक्य समजावता आलं नाही. लॅपटॉप न मिळालेल्या एका गटानं कार्डशीटवर वाऱ्याचं कार्य काढून आणलं होतं, ते मात्र नीट बोलले.

आज करायचं तर

पहिली दुरुस्ती माझी. स्लाइड स्टाफरूममध्ये बघून शाबासकी द्यायला नको होती. वर्गात, मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला असता तर घटक चाचणीपर्यंत थांबावं लागलं नसतं.

दुसरी, वही आधी ठरवायला हवी होती. या तासाच्या शेवटी मुलाच्या वहीत काय असेल, हे ठरलं की स्लाइड किती लागतात ते आपोआप ठरतं. आम्ही उलट्या बाजूनं गेलो.

तिसरी गोष्ट यंदा लक्षात आली. सरांकडे दहावी गेली आणि नववीचा भूगोल नव्या मॅडमकडे आला. सरांनी त्यांना पेनड्राइव्ह दिला. त्यांनी फाइल उघडली, नऊ चित्रं पाहिली आणि विचारलं, "सर, बाकीच्या स्लाइड कुठं आहेत?" बाकीचं सगळं सरांच्या डोक्यात होतं. कुठं थांबायचं, फुली कुठं मारायला सांगायची, बसचं उदाहरण, बी कधी दाबायचं. स्लाइडच्या खाली टिपणं लिहायची जागा असते, ती पडद्यावर दिसत नाही. सरांनी ती कधी वापरली नव्हती. आता दोघं मिळून शनिवारी ती भरायला बसतात.

आठ स्लाइडखालचं लिहून झालं आहे. राहिली ती २०२१ च्या फोटोची. माझं म्हणणं, फोटो काढून टाकावा, आलेख आणि मुलांच्या तोंडच्या गोष्टी पुरेशा आहेत. सर म्हणतात फोटो नसता तर गटारीची गोष्ट निघालीच नसती. ठेवावा, पण आदल्या दिवशी मुलांना सांगून, आणि ज्याला नको त्याला बाहेर बसू देऊन. नव्या मॅडम शिरोळच्या आहेत. त्यांचंही घर पाण्यात होतं. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.